कमी चाललेली गाडी

जुनी मोटारसायकल विकणारा माणूस "गाडी फार चाललेली नाही, घर ते ऑफिस एवढीच," असे सांगतो, तेव्हा घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागते. मला मात्र ते वाक्य ऐकले की आधी तेलाचे झाकण उघडून पाहावेसे वाटते. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबणारे इंजिन आतून फार लवकर मळते, आणि रोज सातारा ते पुणे असा पल्ला मारणारी, वेळेवर तेल बदललेली गाडी खोलली तर तिचे इंजिन त्याहून स्वच्छ निघण्याचा संभव अधिक असतो. मीटरवरच्या आकड्यातून यातले काहीच कळत नाही.

याचे कारण पाण्यात आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते, हे प्रथम वाचले तेव्हा मला ते सहजासहजी पटले नव्हते. परंतु पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळल्यावर दुसरे काय होणार? यातले बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते, म्हणूनच थंडीच्या सकाळी त्याच्या तोंडाशी पांढरा धूर दिसतो आणि कधी थेंबही टपकतात. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तेल साठवणाऱ्या खालच्या भागात, उतरते आणि आपल्याबरोबर काजळी, न जळलेले पेट्रोल व आम्ले तयार करणारे वायू घेऊन येते. इंजिन चांगले तापून काही काळ तसेच चालत राहिले, तर ही वाफ ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडते. पण कोपऱ्यावरून दूध आणले, मुलाला शाळेत सोडले आणि गाडी बंद केली, असा ज्या गाडीचा दिनक्रम आहे, तिच्यात त्या वाफेचे पाणी होऊन ते तेलातच मुरते. पावसाळ्यात अशा गाडीचे झाकण उघडले की त्याच्या आतल्या अंगाला ताकावर आलेल्या लोण्यासारखा फिकट, मऊ थर चिकटलेला आढळतो. पुष्कळ जण तो बोटाने पुसून झाकण पुन्हा लावतात, आणि इंजिनाच्या भिंतींवर जे बसले असेल त्याचा विचार करीत नाहीत.

त्याउलट, तेल काळे झाले की हेच लोक घाबरतात. नवे तेल टाकल्यावर थोड्याच दिवसांत ते काळपट दिसू लागले, म्हणजे दुकानदाराने नक्कीच डुप्लिकेट माल दिला, अशी तक्रार गॅरेजवर नेहमी ऐकू येते. डुप्लिकेट तेल बाजारात असते, हे खरेच. परंतु काळेपणा हा त्याचा पुरावा नाही. चांगल्या तेलात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची संयुगे डिटर्जंट म्हणून घातलेली असतात. ती आम्लांना मारतात आणि तापलेल्या धातूवर थर बसू देत नाहीत. त्यांच्या जोडीला डिस्पर्संट नावाची द्रव्ये असतात, जी काजळीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटू न देता तेलात तरंगत ठेवतात. म्हणजे पिस्टनवर आणि रिंगांच्या खाचांत बसायची ती काजळी तेलाने अंगावर घेतलेली असते. जुन्या, बऱ्यापैकी वापरलेल्या इंजिनात महिनोन्‌महिने सोनेरी राहणारे तेल मला दाखवले, तर मी उलट घाण कुठे गेली असा प्रश्न विचारीन. मात्र या द्रव्यांना मर्यादा असते. ती खर्च होतात, आणि मग तेल नुसते चिकट द्रव उरते. तेलाने उचललेला मळ ते तेल बाहेर काढल्याशिवाय इंजिनातून जात नाही, म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटरची वाट न पाहता कॅलेंडर पाहून बदलावे, असे माझे ठाम मत आहे.

मळ पकडण्यासाठी फिल्टर असतोच की, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे खेडोपाडी दिसणारी १०० सीसीची स्प्लेंडर १९९४ साली आली, आणि तिच्या इंजिनात कारसारखा कागदी ऑईल फिल्टर नव्हता. त्याऐवजी क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, उजव्या टोकाला एक छोटी डबी बसवलेली होती, जी क्रँकबरोबर मिनिटाला हजारो फेरे घेते. तेल तिच्यातून जाताना धातूचा चुरा आणि जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जाऊन तिथेच घट्ट बसतात. जोडीला तळाशी एक जाळी, एवढीच सगळी गाळणी. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात दर वेळी बदलण्यासारखे काहीच नाही. अडचण एवढीच, की ती डबी पुसायची तर उजव्या बाजूचे क्लच कव्हर खोलावे लागते, जुने गॅस्केट खरवडून नवे बसवावे लागते, आणि घाईत असलेला मिस्त्री तेल बदलून गाडी परत देतो. वर्षानुवर्षे न उघडलेल्या डबीतला राखाडी लेप पेचकसाने उकरून काढताना एकदा तरी पाहावा. सूक्ष्म काजळी मात्र या डबीला सापडत नाही आणि कागदी फिल्टरलाही नाही. तिच्यासाठी तेल बदलणे हाच उपाय.

कोणते तेल, हा वादाचा विषय आहे, आणि तो पानाच्या टपरीवर जितका रंगतो तितका कंपनीच्या पुस्तिकेत रंगत नाही. पुस्तिका स्प्लेंडरसाठी १०डब्ल्यू-३० (हा तेलाच्या दाटपणाचा दर्जा) सांगते आणि रॉयल एन्फिल्डच्या अलीकडच्या ३५० सीसी गाड्यांसाठी १५डब्ल्यू-५०. तेवढे पाळले की पुरे. पण कारचे महागडे तेल उरले म्हणून मोटारसायकलमध्ये ओतू नये. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल असते, जेमतेम लिटरभर, आणि क्लचच्या प्लेटी त्यातच बुडालेल्या असतात. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी जी द्रव्ये घालतात, त्यांनी या प्लेटी सरकू लागतात. यासाठीच जपानमध्ये १९९८ साली जासो या वाहन-मानक संस्थेचे टी ९०३ हे मानक आले. कॅनवर एमए किंवा एमए-२ लिहिलेले तेल ओल्या क्लचसाठी असते, आणि एमबी हे बहुतेक स्कूटरांसाठी. किमतीपेक्षा मी ही अक्षरे आधी पाहतो.

डिझेल किंवा रॉकेल टाकून इंजिन धुऊन देणारे मिस्त्री अजून आहेत. मळ सुटतो, पण सुटलेला मळ जाळीत जाऊन अडकू शकतो, आणि तळाशी उरलेले डिझेल नवे तेल पातळ करते. त्यापेक्षा साधा मार्ग असा, की गाडी थोडी लांब फिरवून आणावी, तेल गरम असताना ते सोडण्याचा तळाचा नट काढावा आणि मेनस्टँडवर तिला निवांत निथळू द्यावे, म्हणजे तरंगता मळ तेलाबरोबरच खाली येतो. फारच मळलेल्या इंजिनाला पुढचे तेल लवकर बदलले तरी पुष्कळ फरक पडतो.

तेलाइतकेच एअर फिल्टरकडे पाहावे, कारण रस्त्याच्या धुळीतला गारगोटीचा कण लोखंडालाही ओरखडतो. ऊस वाहून नेणाऱ्या कच्च्या वाटेवर रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर शहरातल्या वेळापत्रकाने बदलून भागत नाही. (यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाडीचे दिवस आठवणाऱ्यांना हे सारे किरकोळ वाटेल. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळायचेच, हेडवरचा कार्बन खरवडावा लागे आणि तुंबलेला सायलेन्सर गॅरेजमागे चक्क जाळून साफ करीत. तो वास ज्यांना आवडत असे त्यांच्यापैकी मी एक.)

दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून तिची पूजा होते, त्याच आठवड्यात तेल बदलण्याची सवय मी लावून घेतली आहे. पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि आत साठलेले पाणी काढून टाकायला तो काळ सोयीचा आहे. राहता राहिले ते काळे तेल. गावाकडे ते वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासतात, शहरात काही जण सरळ गटारात ओततात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, आणि नीट गोळा झाले तर त्याचे शुद्धीकरण होऊन पुन्हा वंगण बनते. घरी तेल बदलणाऱ्याने ते रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजवर नेऊन द्यावे. मिस्त्री सहसा नाही म्हणत नाही, कारण त्याच्या कोपऱ्यातल्या पिंपालाही गिऱ्हाईक असते.