सूल: तीन नळ्यांच्या बंदुकांचं गाव

जर्मनीला जाणारी आपली मंडळी म्युनिक करतात, बर्लिन करतात, ब्लॅक फॉरेस्टला जातात, पण थुरिंगियाच्या जंगलातल्या सूलला फारसं कोणी फिरकत नाही. मी मुद्दाम गेलो आणि तेही एका बंदुकीसाठी. ड्रिलिंग म्हणतात तिला. वर शेजारी शेजारी छऱ्याच्या दोन नळ्या आणि त्यांच्या खाली मधोमध रायफलची एक नळी, सगळं एकाच दस्त्यावर. फोटोत खूप वर्षं बघत होतो, पण हातात घ्यायचा योग आला तो मित्रामुळे. त्याची बायको तिकडचीच आणि सासरे गेली कित्येक वर्षं शिकारी, त्यामुळे राहायची सोय आणि गुरू दोन्ही एकाच घरात मिळाले.

एरफुर्टहून ट्रेन पकडली की थोड्या वेळानं डोंगर सुरू होतात, मग ब्रांडलाइटचा बोगदा लागतो, तीन किलोमीटरच्या वर लांब आणि १८८४ पासून चालू असलेला, तो संपला की ओबरहोफ स्टेशन आणि मग गाडी खाली खाली उतरत झेला-मेहलिसवरून सूलला येते. झेला-मेहलिस हे नाव नुसतं वाचून पुढे जाऊ नका बरं का, वाल्थर आणि आन्शुत्झ या बंदुका बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या मूळच्या इथल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर उल्मला गेल्या. रायफल शूटिंग बघणाऱ्याला ही नावं सांगायला नको. सूलमध्येही तेच, सावर कंपनी इथे १७५१ साली सुरू झाली आणि युद्धानंतर पार उत्तरेला एकर्नफोर्डला गेली, मेर्केल १८९८ ची, ती मात्र इथेच राहिली. डोंगरात लोखंडाचं खनिज, भट्ट्यांना कोळसा पुरवणारं जंगल आणि घण चालवायला ओढ्यांचं पाणी, तिन्ही गोष्टी एका जागी मिळाल्या म्हणून हे गाव बंदुकांचं झालं. बाजारचौकात पुतळासुद्धा लोहाराचा, शस्त्रं घडवणाऱ्याचा आहे, राजाबिजाचा नाही. मला ते फार आवडलं.

वेपन म्युझियम सतराव्या शतकातल्या एका लाकडी चौकटीच्या इमारतीत आहे, पूर्वी तिथे बिअरसाठी माल्ट करायचे. युद्धाची हत्यारं बघायला जाणाऱ्यानं जावं, मी जास्त वेळ शिकारीच्या बंदुकांच्या कपाटांपुढे घालवला. दोन नळ्या वर-खाली, त्यातली एक रायफलची आणि एक छऱ्याची, अशी एक जात. दोन्ही शेजारी शेजारी ही दुसरी, इंग्रज तिला केप गन म्हणायचे. मग ड्रिलिंग आणि त्याही पुढे जाऊन चार नळ्यांचं फियरलिंग. फियरलिंग सुंदर आहे यात वाद नाही पण माझं मत विचाराल तर तिथे कारागीर शिकाऱ्यापेक्षा स्वतःसाठी काम करायला लागलाय. ड्रिलिंगमध्ये जादा असं काहीच नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे सासऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी समजावलं. त्यांच्या शिकारीच्या पट्ट्यात हरीण येतं, रानडुक्कर येतं, कोल्हा आणि ससाही येतो आणि कधी काय पुढ्यात येईल ते माणसाच्या हातात नसतं. जर्मन कायद्यात हरणावर किंवा डुकरावर छरे मारायला बंदी आहे, तिथे गोळीच लागते, तीसुद्धा पुरेशा ताकदीची. छोट्या रो हरणासाठी १०० मीटरवर किमान १००० जूल आणि त्याहून मोठ्या खुरवाल्या जनावरासाठी २००० जूल व किमान साडेसहा मिलीमीटरची गोळी. आणि पळत्या सशावर रायफल कोण चालवणार? त्यामुळे दोन बंदुका वागवत जंगलात फिरा नाहीतर ही एक घ्या.

त्यांनी कपाटातून बंदूक काढली, उघडून रिकामी आहे हे आधी स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं, मगच हातात दिली. नळ्या काढून उलट्या धरल्या की खालच्या सपाट भागावर बारीक शिक्के दिसतात. मुकुटाखाली यू, मुकुटाखाली जी, एस, डब्ल्यू. पहिला तपासणीचा, जी रायफलच्या नळीचा, एस छऱ्याच्या नळीचा, डब्ल्यू म्हणजे तोंडाशी चोक आहे, नळी तिथे किंचित अरुंद केलेली. १८९१ च्या कायद्यानं ठरवलेले हे शिक्के आणि बाजूला महिना-वर्षाचा आकडा, मे १९३६. म्हणजे या बंदुकीची कागदपत्रं तिच्या अंगावरच कोरलेली. छऱ्याच्या नळ्या १६ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या जाडीचं माप), रायफलची नळी ७ बाय ६५ आर, म्हणजे ७ मिलीमीटरची गोळी आणि ६५ मिलीमीटर लांब पुंगळी. यातला आर म्हणजे काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड, मोडून उघडणाऱ्या बंदुकीत काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरला धरायला ती सोयीची पडते.

जुनी ड्रिलिंग घेणाऱ्यानं एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी, सासरे हे दोनदा बोलले म्हणून मीही जोर देऊन लिहितोय. त्या काळच्या १६ बोअरचे चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, बऱ्याचदा ६५ मिलीमीटरचे असतात आणि आज दुकानात सहज मिळतं ते ७० चं काडतूस. ते आत बसतं, सगळं ठीकच वाटतं, पण उडताना उलगडायला त्याला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. म्हणून चेंबर आधी बंदुकीच्या कारागिराकडून मोजून घ्यायचा. त्यांच्याकडे छोट्या काडतुसांची वेगळी पेटी होती, वर मोठ्या अक्षरात ६५ लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी रेंजवर. लायसन नसलेल्या माणसालाही तिथे देखरेखीखाली बंदूक चालवता येते. दोन ट्रिगर असतात. साध्या अवस्थेत पुढचा उजवी नळी उडवतो आणि मागचा डावी. दस्त्याच्या मानेवर एक पट्टी असते, टॉर्चच्या बटणासारखी, अंगठ्यानं ती पुढे ढकलली की नळ्यांमधल्या पट्टीतून नेम धरायची मागची साईट टक्कन उभी राहते आणि आता तोच पुढचा ट्रिगर रायफलचा झाला. खांद्यावरून न काढता, नजर न हलवता. कुठली नळी निवडलीय हे डोळ्यासमोर उभ्या राहिलेल्या साईटवरूनच कळतं, खाली मान घालून बघायला लागत नाही. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी हे कोणीतरी कानशीनं घासून बसवलंय आणि ते आजही ढिलं नाही!

रायफलसाठी पुढचा ट्रिगर आधी पुढे ढकलायचा, क्लिक होतं आणि मग नुसतं बोट टेकलं तरी बार उडतो. त्यामुळे नियम कडक, नळी निशाण्यावर असल्याशिवाय ते क्लिक करायचं नाही आणि विचार बदलला तर सेफ्टी लावायची, बंदूक उघडायची, मगच ट्रिगर उतरवायचा. पहिला बार कागदावरच्या हरणाच्या खांद्यामागे लागला तेव्हा झालेला आनंद काय सांगू. धक्का वाटला होता त्यापेक्षा कमीच होता.

मग त्यांनी स्वतः एक गंमत दाखवली. रायफलच्या नळीतून लागोपाठ बार काढले, मध्ये अजिबात न थांबता. भोकं कागदावर एकावर एक वर सरकत गेलेली. कारण तिन्ही नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या, खालची रायफलची नळी तापून लांब होते, वरच्या दोन थंडच असतात, त्यामुळे सगळा जुडगा वरच्या अंगाला वाकतो. हात लावून थंड झाल्याची खात्री केल्यावर पुढचा बार परत जागेवर. काहींना हा दोष वाटतो, मला नाही वाटत. शिकारीत पहिल्या बाराचंच महत्त्व आणि ही बंदूक त्याच हिशेबानं बनवलीय. भराभर दहा गोळ्या कागदावर मारायच्या असतील तर बोल्टवाली रायफल घ्या, ती स्वस्तही आहे आणि अचूकही.

संध्याकाळी गप्पांमध्ये विषय कुठल्या कुठे गेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलानं आफ्रिकेतल्या वैमानिकांसाठी सावरकडून अडीच हजारांच्या आसपास ड्रिलिंग बनवून घेतल्या, विमान पडलं तर जगता यावं म्हणून, तेही ॲल्युमिनियमच्या पेटीत घालून. रशियन तर आणखी पुढे, १९६५ मध्ये लिओनोव आणि बेल्यायेव या अंतराळवीरांचं यान बर्फातल्या तैगा जंगलात भलतीकडेच उतरलं, त्यानंतर ऐंशीच्या दशकात अंतराळवीरांसाठी तीन नळ्यांचं पिस्तूल तयार झालं, टीपी-८२. दोन छऱ्याच्या, एक रायफलची. कल्पना तीच, पुढ्यात काय येईल ते माहीत नसलेल्या माणसासाठी.

आता खंत वाटण्यासारखी गोष्ट. जर्मनीत जुन्या ड्रिलिंगना भाव राहिलेला नाही. नवीन शिकाऱ्यांना सायलेन्सर लावता येणारी आणि नाइट व्हिजन बसणारी साधी रायफल हवी असते आणि आजोबांची ड्रिलिंग दुकानात धूळ खात पडते. अशी बंदूक आज नव्यानं करायला घेतली तर नुसत्या नळ्या जोडून तिन्हींचा मार एका ठिकाणी आणायला कुशल माणसाचे दिवसच्या दिवस जातात. मी तिथे राहणारा असतो आणि शिकारीचं लायसन असतं तर एकही क्षण विचार न करता एक घेतली असती.

मित्र मात्र घेणार आहे, म्हणजे घरातलीच. सासऱ्यांचं वय झालंय, मागे-पुढे ही बंदूक मुलीकडे यायची. तिकडचा नियम असा की वारसाला शिकार किंवा शूटिंगचं कारण दाखवता आलं नाही तर बंदूक ठेवता येते, पण नळ्यांमध्ये कुलूप ठोकून, म्हणजे चालवायची नाही. म्हणून ती आपल्या नावावर घेता यावी यासाठी मित्रच आता शिकारीच्या परीक्षेला बसतोय. पुस्तकांचा गठ्ठा टेबलावर होताच, पक्ष्यांची पिसं ओळखण्यापासून ते कायद्याच्या कलमांपर्यंत सगळं त्यात. लेखी, तोंडी आणि नेमबाजी, तिन्हींत पास व्हावं लागतं. नेमबाजीची त्याला काळजी नाही, जनावरांचे रोग काही केल्या पाठ होत नाहीयेत, तर रोज रात्री जेवण झालं की सासरे त्याची उजळणी घेतात.