सिंकचा निचरा: उतार कमी केला आणि गुळगुळ थांबली

पी-ट्रॅप (वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) बसवून आणि 40 मिमीचा पाइप भिंतीतल्या उभ्या पाइपला जोडून मी नव्या सिंकचे काम संपले असे धरले होते. पण काठोकाठ भरलेले सिंक सोडले, तेव्हा पाणी झपाट्याने गेले आणि शेवटी ट्रॅपमधून मोठी गुळगुळ ऐकू आली. वेस्टमधून (सिंकच्या तळातल्या निचऱ्याच्या तोंडातून) बारीक पट्टी सोडून मोजले असता ट्रॅपमधील पातळी 35 मिमीने उतरलेली आढळली. वास अडवणारा पाण्याचा थर मुळात 50 मिमीचा होता. सिंक काही आठवडे न वापरता राहिले असते, तर उरलेले 15 मिमी वाळूनच गेले असते.

चूक उताराची होती. जितका उतार जास्त तितका निचरा चांगला, या समजुतीने मी 1.1 मीटर लांबीत 60 मिमी उतार दिला होता. त्यामुळे व्हेंटचे (निचऱ्यात हवा आणणाऱ्या पाइपचे) तोंड ट्रॅपच्या सांडव्याच्या, म्हणजे ट्रॅपमधून पाणी बाहेर पडते त्या काठाच्या, पातळीखाली गेले आणि पाइप भरून वाहू लागताच हवेची वाट बंद होऊन पुढे धावणाऱ्या पाण्याने ट्रॅपमधले पाणीही ओढून नेले. थोडक्यात, दिसायला पी-ट्रॅप आणि वागायला एस-ट्रॅप (सरळ खाली उतरणारा, स्वतःचे पाणी ओढून नेणारा ट्रॅप)! एकूण उतार पाइपच्या व्यासापेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही, हे सूत्र मला पाठ होते. पाणसळ मात्र मी बुडबुड्याच्या अंदाजानेच वाचली.

आता 48 ला 1 या प्रमाणात 23 मिमी उतार ठेवला आहे. त्यासाठी भिंतीतला टी (तीन तोंडांचा जोड) 37 मिमी वर घ्यावा लागला. सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेला सांधा उकलत नसल्यामुळे तो करवतीने कापला आणि नवा टी त्याची गोलाई खालच्या दिशेने वळेल असा बसवला.

भिंत उघडी होतीच, म्हणून व्हेंटचाही मार्ग बदलला. आधी तो ओट्याखालीच आडवा वळवला होता. निचरा तुंबला असता तर घाण पाणी त्या आडव्या भागात शिरून गाळ साचला असता. आता तो सिंकच्या काठापासून 150 मिमी उंच सरळ नेऊन मगच वळवला आहे, आणि आत साठणारे दव परत खाली यावे म्हणून आडव्या भागाला निचऱ्याकडे किंचित उतार दिला आहे.

पुन्हा तीनदा सिंक भरून सोडले. पातळी जेमतेम 2 मिमी हलली आणि गुळगुळ झाली नाही. पाइपचे खालचे तोंड बंद करून, पाणी भरून सांधे तपासणे बाकी आहे. तोवर गिलावा करणार नाही.