सामायिक दस्तऐवज आणि गटाचे लेखन

गटाने करायच्या प्रकल्पात एक विद्यार्थी लिहितो, दुसरा मुखपृष्ठ सजवतो आणि उरलेल्यांची केवळ नावे लागतात, हे शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. एकाच दस्तऐवजात अनेकांना एकाच वेळी लिहू देणारी साधने वर्गात आली म्हणून हे आपोआप बदलत नाही. मात्र लेखन कसे घडत गेले हे त्यांच्यामुळे दिसू लागते, आणि माझ्या मते शिक्षकाच्या दृष्टीने त्यांचे खरे मोल यातच आहे.

कल्पना जुनीच आहे. संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील प्रात्यक्षिकात दूर बसलेल्या सहकाऱ्यासोबत एकाच मजकुरावर काम करून दाखवले होते. दोघांनी एकाच क्षणी बदल केले, तरी सर्वांच्या पडद्यावर अखेर सारखाच मजकूर उरावा, यासाठीची एक पद्धत एलिस आणि गिब्ज या संगणक-संशोधकांनी १९८९ मध्ये मांडली. गूगल डॉक्ससारख्या साधनात प्रत्येक बदल ‘या जागी हे अक्षर घाला’, ‘तिथले काढा’ अशा छोट्या सूचनेच्या रूपाने पाठवला जातो आणि इतरांच्या सूचनांशी जुळवून घेतला जातो. या सूचना साठवल्या जात असल्यामुळेच मागे जाऊन कोणी केव्हा काय लिहिले आणि काय खोडले हे ‘आवृत्तींच्या इतिहासात’ पाहता येते.

कोरा दस्तऐवज उघडून ‘सगळे मिळून लिहा’ असे सांगितले, की एकाच ओळीवर कर्सरांची गर्दी होते आणि सर्वांत जलद टंकणाऱ्याचेच मत टिकते. म्हणून मी आधी एक तक्ता आखून प्रत्येकाला नावाचा रकाना देतो. स्वतंत्रपणे लिहून झाल्यावरच गटाने एकत्र मसुदा करायचा. सादरीकरणात हे अधिक सोपे जाते, कारण प्रत्येकाला एक स्लाइड दिली की हद्द आपोआप ठरते आणि वर्गात क्वचितच बोलणाऱ्या विद्यार्थ्याचे म्हणणेही इतरांसमोर येते. (थीम बदलण्याचे काम मात्र एकाकडेच असावे, एकाने ती बदलली की सगळ्यांच्या स्लाइडचे रूप बदलते, आणि मग मजकूर बाजूला राहून रंगांवर वाद रंगतो.)

एकमेकांचे लेखन तपासताना मी संपादनाची परवानगी देत नाही, फक्त टिप्पणीची देतो. सुचवलेला बदल स्वीकारायचा की नाकारायचा हे मूळ लेखकाने ठरवावे, आणि नाकारल्यास कारण एका वाक्यात लिहावे. ही कारणे वाचताना विद्यार्थ्याला विषय कितपत उमगला आहे ते मला अंतिम निबंधापेक्षा अधिक स्पष्टपणे कळते.

आवृत्तींच्या इतिहासाचा उपयोग पाळतीसाठी करण्याचा मोह आवरायला हवा. एखादा मोठा परिच्छेद एका क्षणात अवतरला, तर तो कुठून तरी उचललेला असू शकतो, तसाच दुसऱ्या फाइलमध्ये लिहून येथे चिकटवलेलाही असू शकतो. त्यामुळे निष्कर्ष काढण्याआधी विचारावे. बदलांच्या संख्येवर गुण देणे तर सरळच अन्याय्य आहे, कारण चर्चेत नेमका मुद्दा सुचवणारा एक आणि तो टंकणारा दुसरा असे अनेकदा घडते. मी प्रत्येकाला जुन्या आवृत्तीतला एक परिच्छेद निवडून तो का बदलला हे तोंडी सांगायला लावतो, आणि गुणांचा काही भाग त्या स्पष्टीकरणासाठी राखून ठेवतो.

लिंक असलेल्या कोणालाही संपादन करता येईल अशी मोकळीक देऊ नये, हे ओघाने आलेच. बिननावाच्या पाहुण्याने केलेला बदल कोणाचा हे इतिहासातूनही कळत नाही. काम जमा झाल्यावर मी सर्वांची परवानगी ‘फक्त पाहणे’ अशी करतो. मात्र संपादनाचा अधिकार गेला की विद्यार्थ्यांना जुन्या आवृत्त्याही दिसेनाशा होतात, त्यामुळे तोंडी स्पष्टीकरणाचा तास त्याआधीच उरकावा लागतो.