फुकट किट आणि गप्प झालेले स्पर्धक : आमची वाटचाल

भोसरीत एक लहानसा गाळा भाड्याने घेऊन २०१४ साली आम्ही दोघी मैत्रिणींनी इलेक्ट्रॉनिक्सची किट विकायला सुरुवात केली. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआ गावात डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला आर्डुइनो बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम भरून सेन्सर आणि दिवे चालवता येतील अशी छोटी सर्किटची पाटी, तोवर आपल्याकडच्या कॉलेजांत चांगला रुळला होता. २०१२ च्या फेब्रुवारीत रास्पबेरी पाय हा एका पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर आला होता. पण परभणीच्या किंवा सांगोल्याच्या मुलाला साधा तापमानाचा सेन्सर हवा असला तर कुणीतरी पुण्याला जाणारं गाठून त्याला बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत पाठवावं लागे, नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. ती वस्तू त्याच्या घरी पोचवायची, सोबत मराठीत लिहिलेला कागद द्यायचा आणि अडलं तर फोन उचलायचा, एवढाच आमचा धंदा. अजूनही तोच आहे.

स्पर्धेचं मनात आलं ते दोन-तीन वर्षांनी. एलिमेंट१४ सारखे मोठे वितरक डिझाइन स्पर्धा घेतात. तुम्ही कल्पना लिहून पाठवायची, निवड झाली की किट फुकट घरी येतं, मग ठरलेल्या मुदतीत काहीतरी बनवायचं आणि कामाची हकिगत वेळोवेळी सगळ्यांसमोर मांडायची. बनवणाऱ्याला साहित्य मिळतं, कंपनीला तिचा बोर्ड खऱ्या कामात कसा वागतो ते कळतं. आम्हाला वाटलं, आपल्या ऐपतीप्रमाणे आपणही करावं, आणि विषय शेतीचं पाणी ठेवावा. किटमध्ये ईएसपी-३२ चा वायफाय बोर्ड, मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर, पाण्यात बुडवता येणारा डीएस१८बी२० तापमापक, पाइपातलं पाणी मोजणारा फ्लो सेन्सर, बोर्डाच्या इशाऱ्यावर दुसरं उपकरण चालू-बंद करणारा रिले, डाख न देता भाग जोडायचा ब्रेडबोर्ड आणि त्यासाठीच्या जंपर वायर. अर्ज भरभरून आले. एकेकाची कल्पना वाचून आम्ही हरखून गेलो.

किट गेली. पोचल्याचे निरोप आले, काहींनी खोक्याचे फोटो पाठवले. आणि मग सामसूम. मुदत संपली तेव्हा निम्म्याहून अधिक निवडलेल्यांकडून एक ओळही आली नव्हती. फोन लागत नव्हते, लागले तर उचलले जात नव्हते.

लहान धंद्याला हे किती लागतं ते सांगते. मोफत दिलेल्या मालावर जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करून घ्यायची सोय, मिळत नाही. २०१७ च्या कायद्याच्या १७(५)(एच) कलमात भेटवस्तू आणि मोफत नमुने सरळ वगळले आहेत. म्हणजे किटची किंमत गेली, वरचा कर आमच्याच खिशातून गेला, आणि स्पीड पोस्टचा खर्च वेगळा. त्यात २०२१ च्या सुमारास जगभर चिपांचा तुटवडा झाला. जो बोर्ड मागितला की यायचा त्याच्यासाठी महिनोन्‌महिने वाट बघायची पाळी आली. तेव्हा कुणाच्या तरी कपाटात आमचे बोर्ड न उघडता पडून आहेत, ही गोष्ट झोप उडवायची.

पण पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. निवडलेल्यांच्या यादीखाली आम्ही ठेवलेली प्रतीक्षा यादी असते. त्यात अशी मुलं असतात ज्यांनी जुन्या रेडिओतले भाग काढून काहीतरी चालवून दाखवलेलं असतं. वरचा गप्प बसला की खालच्याची जागा अडते. फुकट किट घेऊन गायब होणाऱ्याने आमचं नुकसान केलं, त्याहून मोठं त्या यादीतल्या मुलाचं केलं. हे मी आजही प्रत्येक निवडलेल्याला फोनवर स्पष्ट सांगते.

गप्प बसण्यामागे काय आहे ते मला एका फोनमुळे कळलं. बीड जिल्ह्यातला डिप्लोमाचा मुलगा. मी दुसऱ्याच नंबरवरून केला म्हणून त्याने उचलला.

“मॅडम, मी तुम्हाला कळवणारच होतो,” तो चाचरत म्हणाला.

“रागवायला फोन केलेला नाही रे. किट उघडलंस का?”

“उघडलं, मॅडम. पण बोर्ड कॉम्प्युटरला दिसतच नाही. दिवा लागतो, पण पोर्ट येत नाही.”

“केबल कुठली लावलीस?”

“मोबाईलच्या चार्जरची.”

“ती फक्त चार्जिंगची असेल. तिच्यात डेटाच्या तारा नसतात. घरात किंवा शेजारी दुसरी कुणाची केबल आहे का?”

पाचेक मिनिटांनी त्याचाच फोन आला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडची केबल लावली आणि पोर्ट दिसला. मी विचारलं, इतके आठवडे का नाही सांगितलंस? तो म्हणाला, “फुकट दिलेल्या वस्तूची तक्रार कशी करायची, मॅडम? वाटलं, माझ्याच हातून जळला असेल.”

धर्माच्या गाईला दात का नाहीत असं विचारायचं नसतं, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. आमच्याकडून तोच बोर्ड विकत घेणारा माणूस त्याच संध्याकाळी फोन करतो, आवाज चढवतो, बदलून मागतो. फुकट घेणारा मूग गिळून बसतो. आधी अडतो, मग लाजतो, मग मुदत उलटते, आणि मग आमचा नंबर दिसला की फोन उलटा ठेवतो. त्याला तक्रार करायचा हक्क मिळाला नाही तर त्याचं काम पुढे जात नाही, हे मला त्या दिवशी पटलं, आणि त्यानंतरची आमची सगळी व्यवस्था त्याच पायावर उभी आहे.

अडण्याच्या जागा ठराविक आहेत. तापमापकाच्या डेटाच्या आणि विजेच्या तारेमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा राहिला की स्क्रीनवर उणे १२७ अंश दिसतात, आणि मुलाला वाटतं सेन्सरच मेला. सेन्सरचं व्होल्टेज वाचणाऱ्या पिनांचे बोर्डावर दोन गट असतात. ओलाव्याचा सेन्सर त्यातल्या एडीसी-२ गटातल्या पिनवर जोडला तर टेबलावर छान आकडे येतात, आणि वायफाय सुरू केलं की बंद होतात, कारण ईएसपी-३२ मध्ये वायफाय चालू असताना ती पिन वाचता येत नाही. हे कळलं नाही तर हुशार मुलगाही आठवडाभर स्वतःचाच प्रोग्रॅम तपासत बसतो आणि शेवटी खोकं बंद करतो. प्रोग्रॅम चढवताना काही बोर्डांवर बूटचं बटण दाबून धरावं लागतं, तेही कुणी सांगितलेलं नसतं.

अनामत घ्यावी का, यावरून माझं आणि माझ्या भागीदाराचं बरंच वाजलं. तिचं म्हणणं होतं, पाचशे रुपये भरले की मुलं भांडायला येतील, आणि भांडायला आली की काम होईल. तिचा मुद्दा खरा होता. पण हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पाचशे म्हणजे मेसचे पैसे. ज्याच्यासाठी स्पर्धा ठेवली तोच दारातून परत जाईल, हे मला मान्य नव्हतं. शेवटी भांडायचा हक्क पैशांशिवाय कसा देता येईल यावर आम्ही दोघी बसलो.

आता प्रत्येक फुकट किटमध्ये गिऱ्हाइकाला देतो तेच वॉरंटी कार्ड असतं, त्याच्या नावाचं, नंबर घातलेलं, आमच्या शिक्क्यासह. खाली मराठीत लिहिलेलं असतं की बिघडलं तर बदलून मागा, कारण विचारलं जाणार नाही. डेटा केबल आणि रेझिस्टर खोक्यातच असतात. बोर्डात आम्ही आधीच एक छोटा प्रोग्रॅम भरून पाठवतो. वीज दिली की निळा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो.

आणि खोकं पोचल्यावर आठवड्याच्या आत पॅकिंगच्या टेबलावरून फोन जातो. हा फोन मी करत नाही. आमच्याकडे पॅकिंग बघणाऱ्या ताई करतात, ज्या दहावीनंतर शिकू शकल्या नाहीत पण मल्टिमीटर माझ्याइतक्याच सफाईने धरतात. मॅडमचा फोन म्हटलं की मुलं सावध उत्तरं देतात, ताईंशी मोकळं बोलतात. त्या आधी विचारतात, “निळा दिवा लागतोय का, बाळा?” लागत असेल आणि कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नसेल तर केबल किंवा ड्रायव्हर. लागतच नसेल तर नवा बोर्ड त्याच दिवशी निघतो. पहिल्या आठवड्यात ज्याचा दिवा लागला आणि ज्याने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम एकदा तरी चढवला, तो बहुतेक वेळा शेवटपर्यंत येतो.

निवडीची रीतही बदलली. सुंदर लिहिलेल्या कल्पनेवरून काहीच कळत नाही. आता आम्ही एक गणित देतो. २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर तुमचा बोर्ड शेतात किती दिवस टिकेल? ईएसपी-३२ ची चिप काम नसताना गाढ झोपेत टाकली तर जेमतेम १० मायक्रोअँपिअर खाते, पण तिच्याभोवतीचा बोर्ड, म्हणजे त्यावरचा व्होल्टेज रेग्युलेटर, यूएसबीची चिप, लाल दिवा, हे सगळं मिळून काही मिलिअँपिअर चाटत बसतात. १० मिलिअँपिअर धरले तरी २०० तासांत, म्हणजे साधारण आठ दिवसांतच, सेल रिकामा. हा हिशोब कागदावर मांडून फोटो पाठवायचा. ज्याचं उत्तर चुकतं त्यालाही आम्ही घेतो. ज्याने कागदच काढला नाही त्याला घेत नाही. ‘एआयने अख्ख्या गावाची शेती’ छापाचे अर्ज या पायरीवर आपोआप गळतात.

दुसऱ्या जातीचे लोकही आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मुळीच सहानुभूती नाही. फुकट ते पौष्टिक म्हणत प्रत्येक स्पर्धेत अर्ज टाकणारे. आमचं सीलबंद किट एकदा आम्हाला सेकंडहँड मालाच्या जाहिरातीत, आमच्याच स्टिकरसह, विक्रीला दिसलं. त्या माणसाला पुढे कधीच काही दिलं नाही. अर्जात आता विचारतो, आजवर कुठल्या स्पर्धांची किट घेतलीत आणि त्यांचं काय केलंत? अर्धवट राहिलं असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला आम्ही आनंदाने घेतो.

वेळापत्रकाचंही शिकलो. विद्यापीठाच्या परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मे-जूनमध्ये येतात. त्यात सबमिशनचे दिवस धरले तर मुलांकडे डिसेंबरअखेर ते मार्च एवढाच मोकळा काळ उरतो. रब्बीचं पाणी चालू असतं, मातीचा ओलावा मोजण्यात अर्थ असतो. स्पर्धा आम्ही तिथेच बांधून ठेवली.

खोक्यात परतीचं पाकीटही असतं, टपाल खर्च भरलेलं. जमलं नाही तर किट परत टाका, सोबतच्या चिठ्ठीवर ‘कुठे अडलं’ एवढं एका ओळीत लिहा. परत आलेलं किट ताई तपासतात आणि ते प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जातं. त्या चिठ्ठ्या मी फाइल करून ठेवल्या आहेत. वडील आजारी. कॅम्पसमधून नोकरी लागली. पंप सुरू झाला की बोर्ड आपोआप रीसेट होतो. या शेवटच्या चिठ्ठीमुळे आम्ही रिलेचा वीजपुरवठा बोर्डापासून वेगळा काढायचा कागद तयार केला, आणि आता तो विकत घेणाऱ्यांनाही जातो.

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची हकिगत सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याने पान किती वेळ ओलं राहतं ते मोजायला घेतलं होतं, कारण पान ओलं राहिलं की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, धरतो. उघड्या तांब्याच्या पट्ट्यांचा प्रतिरोधक सेन्सर त्याने वेलीत टांगला. सुरुवातीला ठीक चाललं. मग भर दुपारी, उन्हात, सेन्सर ‘ओलं’ दाखवू लागला. त्याने रोज सकाळी पान हाताने चाचपून वहीत नोंद केली, शेजारी सेन्सरचा आकडा लिहिला, आणि फवारणी कधी झाली त्याची वेगळ्या रकान्यात खूण केली. दोन्ही रकाने शेजारी ठेवल्यावर दिसलं की फवारणीनंतर पट्ट्यांवर औषधाचा थर बसतो आणि त्यातून वीज वाहते. पाण्याने पुसलं की दोन दिवस बरं, पुन्हा फवारणी, पुन्हा तेच. मुदतीअखेर त्याने लिहिलं, “माझं यंत्र बागेत लावण्याजोगं नाही,” आणि वहीच्या पानांचे फोटो जोडले.

परीक्षकांपैकी एकाचं मत होतं की चालत नसलेल्या यंत्राला बक्षीस कसं द्यायचं. आम्ही दिलं. त्या नोंदी वाचून आम्ही उघड्या पट्ट्यांचा सेन्सर शेतीच्या किटमधून काढून टाकला आणि लेप दिलेला कपॅसिटिव्ह सेन्सर घातला. इतका नेमका अहवाल विकत घ्यायला गेलो असतो तर परवडला नसता. तेव्हापासून नियमावलीत ठळक अक्षरांत आहे : चाललं नाही हेही लिहा, गुण मिळतील.

गायब होणारे आजही आहेत. पूर्वीपेक्षा बरेच कमी, पण आहेत. त्यांना आम्ही एक फोन आणि एक पत्र पाठवतो, त्यानंतर पिच्छा पुरवत नाही.

यंदाचा विषय रात्रीच्या विजेचा आहे. थ्री फेज रात्री उशिरा येते, पंप सुरू करायला अंधारात बांधावर जावं लागतं, साप-विंचवाची भीती असते. बाजारात मोबाईलवरचे ऑटो स्टार्टर आहेत, पण पाणी खरंच वाफ्यात पोचलं की पाइप मध्येच निसटला हे ते सांगत नाहीत. तेवढंच सांगणारं, एकच मोजमाप करणारं यंत्र हवं आहे. पंपाच्या स्टार्टरला हात लावायचा नाही, ही अट कडक आहे, तिथे ४१५ व्होल्ट असतात. अर्जासोबत सेलचा हिशोब कागदावर करून पाठवा. इंजिनिअरिंगला असायला हवं असं नाही, गेल्या वेळच्या निवडीत आयटीआयची मुलं होती आणि एक शिवणकाम करणारी गृहिणीही. अर्जाची मुदत डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत. फोन ताई उचलतील.