ड्राय बाल्कनीतला कारखाना

हत्यार कधी एकटं घरात येत नाही. पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, घेतली की धार लावायला दगड लागतो. दगड वापरून मधे खोलगट झाला की तो सपाट करायला जाड काच आणि पॉलिश पेपर लागतो. काच आली की ती ठेवायला फळी, आणि फळी कापायला करवत. यात कुठे थांबायचं ते बोहरी आळीतला दुकानदार सांगत नाही, ते त्याचं कामच नव्हे. उलट आपण पैसे काढत असताना तो सहज विचारतो, "ताई, अर्धा इंची झाली, पाव इंची आहे ना तुमच्याकडे?" ती नसतेच.

माझा कारखाना म्हणजे आमची ड्राय बाल्कनी. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ती समजावून सांगायला नको. स्वयंपाकघराला चिकटलेली चिंचोळी जागा, एका टोकाला वॉशिंग मशीन, दुसऱ्या टोकाला घासलेल्या भांड्यांची पाटी. नावात ड्राय असलं तरी घरातली सर्वात ओली जागा तीच. तिथली एक भिंत मी मागून घेतली. सासूबाईंनी ती दिली, पण अट घातली, "भिंतीवर काय हवं ते लटकव, खाली फरशीवर एक खिळा दिसता कामा नये." पुढची सगळी मांडणी या अटीतून निघाली.

नवरा चाकणला एका कारखान्यात आहे, त्यामुळे घरात सल्ल्याला तोटा नाही. त्यांच्याकडे हत्यारांचे फलक असतात. प्रत्येक हत्याराची बाह्याकृती मागे रंगवलेली, म्हणजे पाना जागेवर नसला की त्याची सावली तेवढी दिसते आणि शिफ्ट संपताना काय हरवलं ते लांबूनही कळतं. जपानी कारखान्यांतून आलेल्या पाच 'एस'च्या शिस्तीतला हा प्रकार. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात नोकरी केलेल्या माणसाला ही पाच नावं झोपेतही येतात. पहिल्या 'एस'चा अर्थ नको ते काढून टाकणे, आणि आमची गाडी तिथेच अडते.

"ही वाकडी कानस तू तीन वर्षांत हातात घेतलेली नाहीस," तो म्हणतो.

"चौथ्या वर्षी लागेल."

"अगं, मग शिस्तीला काय अर्थ राहिला?"

फलकाची कल्पना मला आवडते, पण तिच्यात एक गृहीत धरलेलं आहे. कारखान्यातल्या त्या एका कामाला किती हत्यारं लागतात ते ठरलेलं असतं. घरातली हत्यारं वाढत जातात. सावल्या रंगवून झाल्या, त्यानंतर जुन्या बाजारातून एक छोटा रंधा आणला, की त्याला सावली कुठली? आजच्या हत्यारांना अगदी मापात बसणारी मांडणी पुढच्या दिवाळीपर्यंत अपुरी पडते. म्हणून आपलं मत असं, की मांडणी नीटनेटकी नसली तरी चालेल, पण हलवता आली पाहिजे.

याला सुतारकामातला एक जुना उपाय आहे. चारेक इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्टी घ्यायची आणि तिच्या रुंदीच्या मधोमध करवत 45 अंशांत तिरकी धरून ती लांबीभर उभी चिरायची. एका पट्टीच्या दोन होतात. एक भिंतीवर आडवी ठोकायची, तिरका काप वर आणि उतार भिंतीच्या दिशेला. दुसरी हत्याराच्या रॅकच्या पाठीला उलटी लावायची. रॅक वरून अडकवला की तिरके काप एकमेकांत बसतात, आणि रॅकवर जितकं वजन तितका तो भिंतीकडे ओढला जातो. उचलला की निघतो. रंधा आला, तर पटाश्यांचा रॅक उचलून हातभर बाजूला सरकवायचा, नवं भोक पाडायचं नाही. नव्या इमारतींच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतींत भोकं जितकी कमी तितकं बरं. तिथे स्क्रूसाठी साधी गिट्टी ठोकली तर ती भुगा सांडत बाहेर येते. लांब स्क्रू, लांब पट्टी आणि वजन चार ठिकाणी वाटलेलं, असं केलं की भिंत तक्रार करत नाही. पट्ट्यांचं प्लाय मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं. तिथे मापात कापून मिळतं. तिरका काप मात्र घरी, हाताने. एवढ्या लांब चिरकामाला दुपार जाते, आणि खालच्या मजल्यावरच्यांना त्या दुपारी झोप लागत नाही.

आता कुठलं हत्यार कुणाशेजारी? पहिल्यांदा सुचते ती जातवार मांडणी. सगळ्या पकडी एका रांगेत, सगळे स्क्रू ड्रायव्हर उंचीने. फोटो छान येतो. पण नळ गळायला लागतो तेव्हा एकाच जातीचं हत्यार पुरत नाही. स्क्रू पाना, पक्कड, टेफ्लॉन टेप, चार वॉशर आणि टोपी उचकटायला बारका स्क्रू ड्रायव्हर, असं सगळं एकदम लागतं, तेही एका हाताने नळ दाबून धरलेला असताना. म्हणून नळाचं सगळं एका ट्रेमध्ये, विजेचं सगळं एका पिशवीत आणि भिंतीवर फक्त लाकडाचं. यात एक पक्कड दोनदा घ्यावी लागते, हे खरं. नवऱ्याच्या हिशेबात हा अपव्यय आहे. ट्रे उचलून थेट बाथरूममध्ये गेलं की त्याचे पैसे वसूल होतात असं माझं म्हणणं.

पाने तेवढे जातवारच हवेत, कारण त्यांची जातच मापाची. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा करत वीस-बावीसपर्यंत आठ पान्यांचा सेट. मी त्यांना फळीत तिरक्या खाचा पाडून उभं केलंय. खाच रिकामी दिसली की बहुतेक दहा-अकराच गेलेला असतो. आमच्या सोसायटीत स्कूटर आणि सायकली आहेत तोवर तो जागेवर टिकणं कठीण.

कानशींबद्दल मी जरा कडक आहे. त्या डब्यात एकावर एक टाकलेल्या बघवत नाहीत. कानशीचं पोलाद कडक, म्हणूनच ठिसूळही. दाताला दात घासला की दोघींची धार जाते, आणि डबा हलवला की तो करकर आवाज म्हणजे पैसे झिजल्याचा आवाज. प्रत्येकीला वेगळं घर हवं, जाड पुठ्ठ्याची नळीसुद्धा चालते, मात्र पुठ्ठा ओल धरतो, म्हणून पावसाळ्यात ती काढून ठेवायची. वापरण्याआधी कानशीवर खडू फिरवला तर दातांत धातूचा कीस कमी अडकतो. रंध्याचं मात्र एकमत नाही. पातं टेकू नये म्हणून काही जण तो कुशीवर ठेवतात. काहींच्या मते लाकडाच्या फळीवर सरळ ठेवला तर धारेला काही होत नाही, उलट उघडं पातंच कशावर तरी आपटतं. मी खाली एक बारीक पट्टी ठोकून त्यावर रंध्याचं तोंड टेकवते, म्हणजे पातं अधांतरी राहतं आणि वाद मिटतो.

खरी लढाई हवेशी. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी होते की हातोडीच्या दांड्याचं लाकूड आकसतं आणि डोकं हलायला लागतं. हातोडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची युक्ती सर्रास सांगितली जाते. लाकूड फुगतं, डोकं घट्ट बसतं, पण फुगताना तंतू लोखंडावर चेपले जातात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा सैल होतो. त्यापेक्षा डोक्यावरच्या फटीत पाचर ठोकलेली बरी. जूनपासून उलटा खेळ, गंजाचा. त्यात घामातलं मीठ भर घालतं; पात्यावर बोट टेकलं असेल तर आठवड्याने तिथे बोटाचा ठसा तांबूस उमटलेला दिसतो. मशीन ऑइलचा पुसट हात आणि पेटीत कापराची वडी हा जुन्या फिटरांचा रिवाज मी पाळते. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्याही टाकते, पण ओल पिऊन त्यांचं पोट भरलं की त्या नुसत्या खड्यांच्या पुड्या.

म्हणून खंडेनवमी मला सोयीची वाटते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, तर सगळी भिंत उतरवावीच लागते. पाऊस नुकताच सरलेला किंवा सरत आलेला, त्यामुळे गंजाची तपासणी अगदी वेळेवर होते. पुसताना पावसाळ्यात कोपऱ्यात गेलेलं एखादं हत्यार सापडतं आणि त्याची जोडी बाजारातून आधीच आणलेली असते. झेंडूची फुलं, हळदकुंकू, सगळं यथासांग. ओलं कुंकू पात्यावर राहिलं की त्याखाली डाग पडतो, तेव्हा सासूबाई आता बोट मुठीलाच टेकवतात.

संग्रह फारच वाढला तर काय करता येतं, त्याचा नमुना बाजीराव रोडवर आहे. राजा केळकर संग्रहालयात डॉ. दिनकर केळकरांनी जमवलेले दिवे आणि अडकित्ते बघताना मला दर वेळी आधी त्यांच्या घरच्यांची आठवण येते. त्यांनी पुढे संग्रह राज्य सरकारकडे सोपवला. माझ्या वाकड्या कानशीसाठी सरकार पुढे येईल असं दिसत नाही.

उरला प्रश्न उसनवारीचा. भिंत नीट लावल्यापासून तो वाढला आहे, कारण आता काय आहे ते दारातूनच दिसतं. "वहिनी, जरा स्क्रू पाना देता?" याला नाही म्हणवत नाही. वरच्या मजल्यावरचे काका भोसरीच्या एका टूलरूममधून निवृत्त झालेत. त्यांनी कारखान्यातली पद्धत सांगितली. प्रत्येक कामगाराला आपल्या नंबरचे पितळी बिल्ले. हत्यार न्यायचं तर बिल्ला त्याच्या हुकावर अडकवायचा, परत आणलं की काढून घ्यायचा. वही नको, आठवण नको, भांडण नको. पितळी बिल्ले मला मिळाले नाहीत, मग कपड्यांच्या चिमट्यांवर मार्करने फ्लॅट नंबर लिहिले. सध्या स्क्रू पान्याच्या हुकावर चारशे तीनचा चिमटा आहे, दहा-अकराच्या खाचेवर एकशे दोनचा, आणि सासूबाई दोरीशी उभ्या राहून विचारताहेत की चादर कशाने अडकवायची.