निघताना शिंक

आमच्याकडं कुणी बाहेर निघालं आणि घरात कुणी शिंकलं, की पाऊल उंबऱ्याच्या आत. आजी म्हणायची, "बस घडीभर, घोटभर पाणी पी, मग जा." एसटी चुकली तरी चालेल.

वाघ्याला हे कोण सांगणार? शेताकडं जायला कुणी चपला घातल्या, की तो पुढचे पाय लांबवून, बूड वर करून फटाफट शिंकायचा. डोकं एवढं झटकायचा की नाक फरशीवर आपटायचं. सर्दी नाही, पडसं नाही. खेळात किंवा आनंदात कुत्री अशी शिंकतात. दात दाखवतोय, अंगावर येतोय, पण हे भांडण नव्हे, असा निरोप त्यात असतो, असं जाणकार म्हणतात.

आफ्रिकेतली रानकुत्री तर शिंकेवर कारभार चालवतात. बोट्स्वानातल्या कळपांवरचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. शिकारीला निघण्याआधी कळप गोळा होतो आणि जितक्या शिंका जास्त, तितका तो उठून निघण्याचा संभव जास्त. त्यातही मानपान आहेच. म्होरक्या जोडीनं उठायचं काढलं तर तीनेक शिंकांत भागतं. खालच्या कुणी काढलं तर दहाएक लागतात. आमच्या ग्रामसभेत तरी वेगळं काय होतं? फरक एवढाच, की आपण शिंकेला थांबतो आणि ती निघतात.

सगळ्याच शिंका अशा बोलक्या नसतात म्हणा. लातूरला मामाकडं पग आहे. तो मधूनच मान ताणून नाकानं घर्र घर्र हवा आत ओढतो. मामीला वाटतं, गेलाच आता. ती उलटी शिंक. मिनिटाभरात थांबते आणि सहसा काही बिघडत नाही. सोयाबीनची रास चालू असताना मळणी यंत्रापाशी लुडबुडणारं कुत्रं शिंकतं, ते निव्वळ भुसकटानं. तिथं माणसंही शिंकतात.

भ्यायचं ते कुसळाला. दिवाळीच्या सुमारास बांधावरचं गवत वाळतं आणि कुत्रं नेमकं त्यातच नाक खुपसतं. कुसळावरची बारीक लव एकाच दिशेची, त्यामुळं ते आत सरकतं, मागं येत नाही. एकदा वाघ्या अचानक शिंकायला लागला, तो थांबेचना. पंजानं एकच बाजू खाजवत होता, आणि त्याच नाकपुडीतून रक्ताचा थेंब आला. तालुक्याच्या दवाखान्यात तोंड बांधून दोघांनी धरला. नशिबानं टोक दिसत होतं. डॉक्टरांनी चिमट्यानं ओढलं. आत गेलेलं असतं तर भूल द्यावी लागली असती.

टेबलावरून उतरला आणि गाडीपाशी येऊन, पुढचे पाय लांबवून, पुन्हा लागोपाठ शिंकला. या शिंका नाकातल्या की घरी जायच्या, हे विचारायला मी काही डॉक्टरांकडं परत गेलो नाही. गाडीला किक मारली.