दूध बंद केलं, आता पुढे?

मंगळवार, रात्री

"दूध सोडलं, बरं वाटलं, म्हणजे ॲलर्जीच." हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की एकदा वहीत मांडून ठेवावं म्हटलं.

लॅक्टोज ही दुधातली साखर. ती फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम (पाचक रस) लहान आतड्यात कमी पडलं की साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जिवाणू ती आंबवतात. मग गॅस, गुडगुड, जुलाब. हाल होतात, पण जिवावर बेतत नाही, आणि सगळा खेळ मात्रेचा असतो. ॲलर्जीत मात्र शरीराचं भांडण केसीन आणि व्हे या प्रथिनांशी असतं. तिथे चमचाभरही पुरतं. दुधानंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, असं एकदा जरी झालं असेल तर पुढचं काहीही घरी करायचं नाही, चाचणी डॉक्टरांसमोरच.

लॅक्टोज-फ्री दुधात फक्त साखर फोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी. ॲलर्जी असलेल्याला त्याचा उपयोग शून्य. शेळीच्या दुधाचंही तेच, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच.

नेमकं कारण शोधायला दूध वगळून बघायचं किती दिवस? लॅक्टोजचा संशय असेल तर २ आठवडे. उशिरा उमटणाऱ्या ॲलर्जीचा असेल तर २ ते ४. या काळात पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावी लागतात: व्हे पावडर, सोडियम केसिनेट, मिल्क सॉलिड्स, ही सगळी दुधाचीच रूपं. लॅक्टिक ॲसिडला उगाच घाबरतात, ते सहसा दुधापासून बनवत नाहीत. उलट औषधाच्या कितीतरी गोळ्यांमध्ये भर घालायला लॅक्टोज असतं, तिकडे कुणाचं लक्षच नसतं. अर्थात ते इतकं थोडं असतं की लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना त्यानं काही होत नाही. गोळी मनानं बंद करू नये.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुधाबरोबर गहूही सोडल्यामुळे. बरं वाटतं, पण कशानं ते कळायला मार्ग उरत नाही. शिवाय गहू बंद असताना सिलिॲकची (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याच्या आजाराची) तपासणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. एका वेळी एकच गोष्ट.

आणि मग तो भाग, जो बहुतेकजण गाळतात: दूध परत सुरू करणं. बरं वाटणं हा अर्धाच पुरावा. पोट बिघडून गेल्यावर लॅक्टेज काही आठवडे कमी पडतं आणि आपोआप भरून येतं. तेव्हा जन्मभर दूध सोडायचं काही कारण नसतं. लॅक्टोजसाठी पहिल्या दिवशी ६० मिली, दुसऱ्या दिवशी १२०, तिसऱ्या दिवशी २४०. बाकी जेवण तेच ठेवायचं, आणि त्रास झाला की तिथेच थांबायचं. वहीतली नोंद अशी हवी:

८.१० – दूध १२० मिली, नाश्त्याबरोबर
९.२५ – गुडगुड, पोट फुगलं
११.०० – एकदा पातळ शौच
रात्री झोप कमी, काल बाहेरचं जेवण

शेवटची ओळ फालतू वाटते, पण निकाल फिरवते तीच. अशा दिवसाची चाचणी मोजू नये, पुन्हा घ्यावी.

पोट शांत झाल्यावर तेवढंच लॅक्टोज-फ्री दूध घेऊन बघायचं. साध्यानं त्रास आणि यानं नाही, तर लॅक्टोज. दोन्हींनी त्रास, तर प्रथिनं किंवा भलतंच काही. तिथून पुढे डॉक्टर. लॅक्टोजच निघालं तरी दुधाला रामराम ठोकायची गरज सहसा पडत नाही. बहुतेकांना १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण कपभर दूध, जेवणाबरोबर चालतं. मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळपास नसतंच. लॅक्टेजची गोळी घ्यायची तर पहिल्या घासाबरोबर. त्रास सुरू झाल्यावर घेऊन काय उपयोग!

कॅल्शियमचं राहिलं. प्रौढांना दिवसाला सुमारे १००० मिग्रॅ लागतं, त्यातलं ३०० एका कप दुधात मिळायचं. कॅल्शियम घातलेलं सोया दूध घेत असाल तर खोकं आधी नीट हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं.